संदर्भ लेख : सैल सांधे आणि न सरणारा थकवा – संयोजी ऊतकांचे विकार व विषाणूसंसर्गानंतरचे दीर्घ आजारपण

नवी दिल्ली : ताप उतरतो, तपासणीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो, तरीही रुग्ण पूर्वीसारखा होत नाही. उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडते, वाचलेले लक्षात राहत नाही आणि एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा थोडे जास्त काम झाले तर पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणावर जातात. कोविड-१९ च्या साथीनंतर असे रुग्ण जगभर मोठ्या संख्येने पुढे आले. त्यांच्यापैकी काहींमध्ये तज्ज्ञांना आणखी एक समान गोष्ट आढळली. त्यांचे सांधे लहानपणापासूनच इतरांपेक्षा अधिक वाकणारे होते. या दोन गोष्टींचा संबंध कोणता, त्याला पुरावा किती आणि रुग्णाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय, याचा हा आढावा.

संयोजी ऊतक म्हणजे काय?

शरीरातील अवयवांना आधार देणाऱ्या आणि त्यांना एकमेकांशी जोडून ठेवणाऱ्या ऊतकांना संयोजी ऊतक म्हणतात. अस्थिबंध, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा, कूर्चा, त्वचेचा आतला थर आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती यांत ही ऊतके असतात. त्यांचा मुख्य घटक म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. शरीरातील एकूण प्रथिनांपैकी साधारण ३० टक्के वाटा एकट्या कोलॅजेनचा असतो. त्यामुळे त्याच्या रचनेत दोष असल्यास परिणाम केवळ सांध्यांपुरता राहत नाही. त्वचा, आतडी, हृदयाच्या झडपा आणि रक्तवाहिन्या यांवरही तो दिसू शकतो.

संयोजी ऊतकांचे विकार ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. ल्यूपस, स्क्लेरोडर्मा यांसारख्या विकारांत शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतकांवर हल्ला करते. दुसऱ्या गटातील विकार आनुवंशिक असून त्यांत ऊतकांची घडणच जन्मतः वेगळी असते. मार्फान सिंड्रोम आणि एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम ही त्यांची ठळक उदाहरणे. दीर्घ आजारपणाच्या संदर्भात सर्वाधिक चर्चा होते ती एहलर्स-डॅनलॉसची.

एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम

डेन्मार्कचे त्वचारोगतज्ज्ञ एडवर्ड एहलर्स यांनी १९०१ मध्ये आणि फ्रान्सचे त्वचारोगतज्ज्ञ आंरी-अलेक्सांद्र डॅनलॉस यांनी १९०८ मध्ये या विकाराचे वर्णन केले. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचे १३ प्रकार मानले गेले. त्यांपैकी बहुतेकांची कारणीभूत जनुके ज्ञात आहेत. रक्तवाहिन्यांवर परिणाम करणारा प्रकार दुर्मीळ असला तरी त्यात मोठी धमनी फाटण्याचा धोका असतो. सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे अतिलवचीक सांध्यांचा. मात्र त्याचे निदान करणारी जनुकीय चाचणी नाही. लक्षणे, कौटुंबिक इतिहास आणि शारीरिक तपासणी यांवरूनच ते करावे लागते. हे निकष पूर्ण होत नसतील, तरी सैल सांध्यांमुळे त्रास होत असेल, तर त्याला अतिलवचीकता-श्रेणीतील विकार म्हटले जाते.

सांध्यांची लवचीकता मोजण्यासाठी बेटन गुणांकन वापरतात. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे वळणे, अंगठा मनगटाच्या बाजूने हाताला टेकणे, कोपर आणि गुडघा १० अंशांहून अधिक मागे जाणे, यांसाठी प्रत्येक बाजूचा एक गुण असतो. गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीला टेकल्यास आणखी एक, असे एकूण ९ गुण होतात. पन्नाशीपर्यंतच्या प्रौढांत ५ किंवा अधिक गुण अतिलवचीकता दर्शवतात. पौगंडावस्थेपूर्वीच्या मुलांसाठी ही मर्यादा ६, तर पन्नाशीनंतर ४ आहे. अशी लवचीकता असलेल्या बहुसंख्य लोकांना कोणताही आजार नसतो, ही बाब सुरुवातीलाच लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

विषाणूनंतरचे आजारपण नवे नाही

संसर्गानंतर महिनोन्‌महिने टिकणारे आजारपण कोविडमुळे प्रथमच दिसले, असे नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ मध्ये कर्मचाऱ्यांमध्ये अशी साथ पसरली होती. तिच्या अभ्यासातून ‘मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’ हे नाव रूढ झाले. अमेरिकेत १९८८ मध्ये ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव देण्यात आले. आज दोन्ही नावे जोडून एमई-सीएफएस असे म्हटले जाते. किमान सहा महिने टिकणारी कार्यक्षमतेतील मोठी घट, विश्रांतीने न जाणारा थकवा, ताजेतवाने न करणारी झोप आणि श्रमानंतर वाढणारा त्रास ही त्याची प्रमुख लक्षणे. त्यांच्या जोडीला विचारशक्तीवरील मळभ किंवा उभे राहिल्यावर होणारा त्रास असतो.

ऑस्ट्रेलियातील डबो परिसरात २५३ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एपस्टाइन-बार विषाणू, रॉस रिव्हर विषाणू व क्यू ताप या तीन वेगवेगळ्या संसर्गांनंतरच्या रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला. सहा महिन्यांनी सुमारे १२ टक्के रुग्णांना असा प्रदीर्घ त्रास होत होता. क्यू ताप तर विषाणूमुळे नव्हे, जिवाणूमुळे होतो. संसर्ग कोणता, यापेक्षा शरीराचा प्रतिसाद कसा, या प्रश्नाकडे या निष्कर्षाने लक्ष वेधले.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडोत्तर स्थितीची व्याख्या केली. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकणारी आणि अन्य निदानाने स्पष्ट न होणारी लक्षणे, असे तिचे स्वरूप आहे. सर्वसामान्यांत ती ‘लाँग कोविड’ या नावाने ओळखली जाते.

दुवा कसा सापडला?

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील बालरोगतज्ज्ञ पीटर रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. दीर्घ थकव्यासाठी वर्षभरात त्यांच्याकडे आलेल्या सुमारे १०० किशोरवयीन रुग्णांपैकी १२ जणांना एहलर्स-डॅनलॉस असल्याचे आढळले होते. सर्वसामान्य लोकसंख्येत इतका विरळ असणारा विकार एकाच चिकित्सालयात इतक्या वेळा दिसणे योगायोग म्हणून सोडून देण्यासारखे नव्हते. त्याच संस्थेच्या २००२ च्या अभ्यासात दीर्घ थकव्याच्या ६० टक्के मुलांमध्ये सांध्यांची अतिलवचीकता दिसली. निरोगी मुलांत हे प्रमाण २४ टक्के होते. स्वीडनमध्ये २२९ प्रौढ एमई-सीएफएस रुग्णांच्या २०२० मधील अभ्यासातही सुमारे निम्म्या रुग्णांत अतिलवचीकता नोंदवली गेली.

लाँग कोविडबाबतचा महत्त्वाचा पुरावा मार्च २०२४ मध्ये ब्रिटनमधून आला. कोविड लक्षण-नोंदणी प्रकल्पातील ३०६४ सहभागींच्या माहितीवरून असे दिसले की, अतिलवचीक सांधे असलेल्यांमध्ये कोविडमधून पूर्ण बरे न झाल्याचे सांगण्याची शक्यता सुमारे ३० टक्के अधिक होती. अशा व्यक्तींना कोविड होण्याचा धोका मात्र अधिक नव्हता. म्हणजे फरक संसर्ग होण्यात नव्हता. तो त्यातून सावरण्यात होता.

दुसऱ्या गटातील, म्हणजे स्वयंप्रतिरोधी विकारांबाबतही नोंदी उपलब्ध आहेत. जर्मनीतील सहा लाख चाळीस हजारांहून अधिक कोविडग्रस्तांच्या २०२३ मधील अभ्यासात, संसर्गानंतरच्या काळात नव्याने स्वयंप्रतिरोधी विकार जडण्याचे प्रमाण संसर्ग न झालेल्यांपेक्षा सुमारे ४३ टक्के जास्त आढळले. येथे संबंधाची दिशा उलट आहे. आनुवंशिक विकार संसर्गाच्या आधीपासून असतो, तर स्वयंप्रतिरोधी विकाराला संसर्ग हे निमित्त ठरू शकते.

संभाव्य कारणे

सर्वाधिक पटणारे स्पष्टीकरण रक्ताभिसरणाशी निगडित आहे. माणूस उभा राहिला की गुरुत्वाकर्षणामुळे रक्त पायांकडे व पोटाकडे जाते. निरोगी शरीरात शिरा आकुंचन पावून ते वर पाठवतात. शिरांच्या भिंती सैल असतील तर रक्त खालीच साचते, हृदयाला वेगाने धडधडावे लागते आणि मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो. उभे राहिल्यानंतर दहा मिनिटांच्या आत नाडीचा वेग मिनिटाला ३० ठोक्यांनी, तर १२ ते १९ वर्षे वयात ४० ठोक्यांनी वाढला, रक्तदाब फारसा घटला नाही आणि त्रास दीर्घकाळ टिकला, तर त्या स्थितीला ‘पॉट्स’ म्हणतात. एहलर्स-डॅनलॉस, एमई-सीएफएस आणि लाँग कोविड या तिन्हींमध्ये पॉट्स वारंवार आढळतो. ज्या शरीरात ही यंत्रणा आधीच कशीबशी तोल सांभाळत असते, तेथे तापातील निर्जलीकरण, अनेक दिवसांची झोपून काढलेली विश्रांती आणि स्वायत्त चेतासंस्थेला बसलेला धक्का यांमुळे तो तोल ढळू शकतो.

दुसरी शक्यता दाहाची आहे. संसर्गाच्या वेळी पेशी असे विकर सोडतात, जे ऊतकांतील कोलॅजेनचे विघटन करतात. मुळातच नाजूक असलेल्या ऊतकांना हे नुकसान भरून काढणे अवघड जात असावे, असा तर्क आहे. तिसरा तर्क संयोजी ऊतकांतच वास्तव्य असलेल्या आणि ॲलर्जीशी निगडित असलेल्या मास्ट पेशींच्या अतिसक्रियतेचा आहे. मानेच्या वरच्या सांध्यांच्या सैलपणामुळे मज्जारज्जूवर ताण येतो, असेही काही तज्ज्ञ मानतात. पण त्यासाठीच्या शस्त्रक्रिया मोठ्या व जोखमीच्या असून त्यांच्या बाजूचा पुरावा तोकडा आहे.

या अभ्यासांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. अनेक अभ्यास विशेष चिकित्सालयांत आलेल्या रुग्णांवर झाले. तेथे गुंतागुंतीचे रुग्णच अधिक येतात. ब्रिटनमधील अभ्यास सहभागींनी स्वतः दिलेल्या माहितीवर आधारित होता. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच, असे नाही. शिवाय लाँग कोविडच्या बहुसंख्य रुग्णांना संयोजी ऊतकांचा कोणताही आनुवंशिक विकार नसतो.

भारतातील संदर्भ

विषाणू संयोजी ऊतकांना थेट कसा जखडतो, याचे भारतीयांना सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणजे चिकुनगुनिया. टांझानियातील माकोंडे लोकांच्या भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थच वाकून जाणे असा आहे. भारतात हा विषाणू १९६३ मध्ये कोलकात्यात आढळला, १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची साथ आली आणि तीन दशकांच्या खंडानंतर २००५-०६ मध्ये तो परतला. २००६ मध्ये देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. हा विषाणू संयोजी ऊतकांतील तंतुपेशींना आणि सांध्यांच्या आवरणाला बाधित करतो. त्यामुळे काहींचे सांधे अनेक महिने, क्वचित वर्षानुवर्षे दुखत राहतात आणि संधिवाताचा भास होतो.

सांध्यांची लवचीकता युरोपीय लोकांच्या तुलनेत आशियाई व आफ्रिकी लोकांत अधिक आढळते. मुंबईतील निरोगी मुलांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुले प्रचलित निकषांनुसार अतिलवचीक ठरली. म्हणून केवळ गुणांकनावरून भारतीय व्यक्तीवर आजाराचा शिक्का मारणे चुकीचे ठरेल. दुसरीकडे, योगासने किंवा नृत्य सहज जमणे हे आपल्याकडे सुदृढतेचे लक्षण मानले जाते. त्यामुळे वारंवार सांधे निखळणे, सहज व्रण उमटणे किंवा चक्कर येणे यांचा परस्परसंबंध लावलाच जात नाही. अस्थिरोगतज्ज्ञ सांधा पाहतात, हृदयरोगतज्ज्ञ धडधड तपासतात, सर्व अहवाल सामान्य येतात आणि अखेरीस रुग्णाला, त्यातही स्त्रियांना, ‘तुम्ही फार विचार करता’ असे ऐकावे लागते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडोत्तर व्याधींच्या व्यवस्थापनासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. हृदय, फुप्फुसे, पचनसंस्था, मूत्रपिंड व चेतासंस्था अशा अवयवसंस्थांनुसार त्यांची मांडणी आहे.

निदान झाल्याने काय बदलते?

आनुवंशिक विकार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. तरीही संबंध ओळखल्याने उपचारांची दिशा बदलते. पहिला बदल व्यायामाबाबत आहे. श्रमानंतर त्रास वाढणाऱ्या रुग्णाला ‘रोज थोडे थोडे वाढवत जा’ हा सल्ला अपायकारक ठरू शकतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये एमई-सीएफएससाठी टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याच्या ठरावीक व्यायामाची शिफारस मागे घेतली आणि उपलब्ध शक्तीच्या मर्यादेत राहून कामांची आखणी करण्यावर भर दिला. सैल सांधे असलेल्यांनी ताणाचे व्यायाम व टोकाची आसने टाळून, सांध्यांभोवतीचे स्नायू हळूहळू बळकट करणारे व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करणे हिताचे असते.

दुसरा बदल रक्ताभिसरणाबाबत आहे. पुरेसे पाणी, वैद्यकीय सल्ल्याने आहारात वाढवलेले मीठ, पोटापर्यंत येणारे दाबमोजे आणि बसून करता येतील अशी कामे यांनी अनेकांना आराम पडतो. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांसाठी मिठाचा हा सल्ला घातक आहे. गरजेनुसार डॉक्टर नाडीचा वेग किंवा रक्तदाब नियंत्रित करणारी औषधे देतात. उभे राहून नाडी व रक्तदाब मोजण्याच्या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. ती तालुक्याच्या दवाखान्यातही होऊ शकते. चक्कर येण्याची शक्यता असल्याने रुग्णाने ती एकट्याने करू नये.

विषाणूसंसर्गानंतर तीन महिने उलटूनही थकवा, धडधड किंवा चक्कर कायम असेल, तर प्रथम रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह, क्षयरोग आणि हृदयविकार यांची तपासणी व्हायला हवी, कारण त्यांवर उपचार उपलब्ध आहेत. त्यानंतर डॉक्टरांना लहानपणापासूनच्या सांध्यांच्या लवचीकतेविषयी, सांधा निखळल्याच्या घटनांविषयी आणि घरातील इतरांच्या अशाच तक्रारींविषयी सांगावे. कुटुंबात कमी वयात धमनी फाटून किंवा अचानक मृत्यू झाला असल्यास ते आवर्जून सांगावे. अशा वेळी जनुकीय तपासणी व हृदयाची सोनोग्राफी यांचा निर्णय तातडीने घ्यावा लागतो.