रूळ संपतात तेथले गाव



इतिहास म्हटला की आपल्याला राजे आठवतात, किल्ले आठवतात. मी शाळा लवकर सोडलेला, कामगार चळवळीत केस पिकवलेला माणूस. मला इतिहास दिसतो तो रुळांत. म्हणून आज तुम्हांला नेणार आहे ते कॅनडाच्या उत्तरेस, हडसन उपसागराच्या काठी वसलेल्या चर्चिल गावी.

विनिपेगहून निघालेली गाडी सुमारे सतराशे किलोमीटरचे अंतर दोन दिवसांत तोडते. गव्हाची शेते मागे पडतात, झाडे खुजी होत जातात आणि अखेर रूळच संपतात. या गावाला मोटाररस्ता नाही. २०२१ च्या शिरगणतीत येथली वस्ती नऊशेच्या आत भरली. मी उतरलो तेव्हा प्रथम जाणवली ती शांतता. शरदाच्या अखेरीस उपसागर गोठण्याची वाट पाहत पांढरी अस्वले किनाऱ्यावर जमतात. म्हणून लोक मोटारींची दारे कुलूप न लावता ठेवतात. कोणावर प्रसंग आला तर त्याने कोणाच्याही मोटारीत शिरावे!

येथवर रूळ कशाला आणला? गव्हासाठी. मैदानी प्रांतांतील शेतकऱ्यांना युरोपकडे जाण्याचा जवळचा समुद्रमार्ग हवा होता. पहिल्या महायुद्धापूर्वी सुरू झालेले काम युद्धात बंद पडले. १९२६ मध्ये पुन्हा चालू झाले. आधी मार्ग पोर्ट नेल्सनला जायचा होता. १९२७ मध्ये चर्चिल ठरले. १९२८-२९ च्या हिवाळ्यात मजुरांनी गोठलेल्या दलदलीवर रूळ अंथरले आणि २९ मार्च १९२९ रोजी ते समुद्राला भिडले. १९३१ मध्ये गव्हाची जहाजे निघाली.

परंतु त्या मातीच्या पोटात बर्फ आहे. ते वितळले की जमीन खचते, रूळ वाकतात. मग खडी टाकून ते पुन्हा उचलावे लागतात. हा मार्ग बांधून पुरा झाला, असे कधी म्हणताच येत नाही. गँगमनच्या हातांवरच तो उभा आहे.

या गावाच्या शांततेत एक पापही आहे. १९५६ मध्ये सरकारने सायिसी डेने या आदिवासींना त्यांच्या शिकारीच्या मुलखातून उचलून चर्चिलच्या कडेला आणून टाकले. धड घर नाही, धंदा नाही. त्यांतील जवळजवळ एक-तृतीयांश माणसे दगावली. उरलेले १९७३ मध्ये टॅडूल सरोवराकाठी निघून गेले. सरकारने क्षमा मागितली ती २०१६ मध्ये. तेव्हा, रूळ आला म्हणजे सर्वांचेच कल्याण झाले, असे म्हणण्याची घाई करू नका.

१९९७ मध्ये मार्ग आणि बंदर एका अमेरिकन कंपनीला विकले गेले. २०१२ मध्ये गहू मंडळाची मक्तेदारी संपली. चर्चिलचा मोठा गिऱ्हाईक तोच होता. गव्हाचा ओघ आटला. २०१६ च्या उन्हाळ्यात बंदर बंद पडले, कामगार घरी बसले. मे २०१७ मध्ये पुराने मार्ग ठिकठिकाणी धुऊन नेला. दुरुस्ती परवडत नाही, असे कंपनी म्हणाली; सरकार न्यायालयात गेले. इकडे गावात खाण्यापिण्याचे जिन्नस विमानाने येऊ लागले आणि भाव चढले. दीड वर्ष गाडीची शिट्टी ऐकू आली नाही.

२०१८ मध्ये मालकी बदलली आणि त्या वर्षाच्या अखेरीस गाडी पुन्हा आली. खरेदीदारांत त्या भागातील आदिवासी समाज व गावे होती. २०२१ मध्ये संपूर्ण मालकी त्यांच्याकडेच आली. यातून सारे दुःख फिटले असे नव्हे. बर्फ वितळतच आहे, पैसा सरकारकडूनच आणावा लागतो. पण ज्यांना विचारल्यावाचून हा मार्ग त्यांच्या मुलखातून गेला, त्यांची नातवंडे आज त्याचा हिशेब मांडतात.

मित्रहो, परवडते की नाही, हा प्रश्न मी कारखान्याच्या दारात आयुष्यभर ऐकत आलो. कोणाला परवडते, हे विचारायचे मात्र राहून जाते. चर्चिलच्या फलाटावर गाडी आली तेव्हा पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायका मी पाहिल्या. त्यांना विचारले असते, तर उत्तर काय मिळाले असते, ते मी तुमच्यावरच सोपवतो.