खानदेशातील लोकाश्रयी रंगभूमी

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील स्थानिक जीवन, व्यक्तींच्या आठवणी आणि बोली यांवर उभी राहिलेली नाट्यपरंपरा. डफाच्या साथीने म्हटली जाणारी वही आणि खानदेशी तमाशा हे तिचे जुने प्रकार होत. या रंगभूमीकडे निव्वळ करमणूक म्हणून न पाहता इतिहासाचे साधन म्हणून पाहावे लागते. आसोदे येथे जन्मलेल्या निरक्षर बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी वैधव्य, शेतीची कामे आणि ‘पिलोक’ म्हणजे प्लेगची साथ ओव्यांत गुंफली. त्या ओव्या मुलगा सोपानदेव व त्याच्या मावसभावाने टिपून ठेवल्या आणि १९५२ साली त्या पुस्तकरूपाने आल्या. जळगावच्या ‘परिवर्तन’ संस्थेने ‘अरे संसार संसार’ या कार्यक्रमात त्या रंगमंचावर आणल्या. श्रीकांत देशमुख यांच्या लेखनावर आधारित ‘नली’ या ‘परिवर्तन’च्या एकलनाट्यात हर्षल पाटील हा एकच नट एका खेडवळ मुलीचे आयुष्य उभे करतो.

स्मृती निवडक असते आणि नाटक तीत रंग भरते, म्हणून हा इतिहास नव्हे, असा आक्षेप घेता येतो. सनावळी व घटनाक्रमापुरता तो रास्त आहे; त्यांसाठी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील दप्तरांकडेच वळावे लागते. परंतु दप्तरही निवडकच असते. त्यात सारा, वतन, तंटे नोंदले जातात. जात्यावरच्या बाईचे दुःख क्वचितच. शिवाय ओळखीचे जगणे पाहणारा गावचा प्रेक्षक खोटेपणा चटकन हेरतो. म्हणून दप्तर आणि रंगमंच ही परस्परपूरक साधने ठरतात.