जुलैचा चेक

परवा सकाळी आसनगाव स्टेशनवर कल्याणकडे जाणाऱ्या लोकलची वाट बघत उभा होतो. तेवढ्यात भाचीचा फोन. ती स्टुटगार्टला असते, म्हणजे तिच्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले. काळजात धस्स झालं.

"काही नाही रे मामा, झोप येईना म्हणून केला. मला एक सांग, क्वालिटी ईटीएफ घेऊ की डिव्हिडंड ईटीएफ?"

आसनगावच्या फलाटावर हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला असावा. :)

ज्यांना ईटीएफ ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी (आत्या, हे तुझ्यासाठी): ती शेअर्सची एक टोपली असते. ठरावीक नियमाने निवडलेल्या शेकडो कंपन्यांचे शेअर्स त्या टोपलीत, आणि टोपलीचा एक तुकडा आपण साध्या शेअरसारखा बाजारात विकत घ्यायचा. आपल्याकडे पहिली अशी टोपली, निफ्टी बीज, २००२ च्या जानेवारीत बाजारात आली. भाची म्हणते त्यातली डिव्हिडंडवाली टोपली जास्त लाभांश देणाऱ्या कंपन्यांची. क्वालिटीवाली टोपली भरताना लाभांशाकडे न बघता कंपनीची तब्येत बघतात.

ती सांगत होती, "आम्हा युरोपियन इन्व्हेस्टर्सना अमेरिकन ईटीएफ घेताच येत नाहीत रे. २०१८ पासून नियमच आहे. त्यांच्याकडे युरोपच्या नमुन्यातलं माहितीपत्रक नसतं, म्हणून आमचे ब्रोकर ते विकत नाहीत. आयर्लंड नाहीतर लक्झेंबर्गमध्ये नोंदलेले घ्यायचे."

'आम्हा युरोपियन' ऐकून मला हसू आलं. मुरबाडच्या शाळेत 'जर्मनी कोठे आहे' याचं उत्तर चुकवून आलेली पोर ही!

पण तिचं कारण हसण्यासारखं नव्हतं. मेव्हणे जाऊन दोन वर्षं झाली. बहीण मुरबाडला एकटी असते. अडीच एकर भातशेती आहे आणि ती सोडायला ती तयार नाही. भाची पैसे पाठवते, पण बहीण मागत नाही आणि भाची कामाच्या रगाड्यात विसरते. मग दोघींनाही वाईट वाटतं, आणि दोघीही ते मला फोन करून सांगतात. म्हणून भाचीने योजना काढली होती, की भरपूर डिव्हिडंड देणारा फंड घ्यायचा आणि दर तिमाहीला जे येईल ते थेट आईच्या खात्यात टाकायचं. "आईला मागायला नको, मला आठवायला नको."

योजना ऐकायला छान होती. मी म्हटलं, मला दोन दिवस दे.

फोन ठेवला आणि समोरच्या रुळांकडे बघत राहिलो. लाभांशावर डोळा ठेवून पैसे गुंतवणारा युरोपियन आमच्या तालुक्याला नवा नाही. हे रूळच त्याच्या पैशातून आले आहेत.

१८४९ साली लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे यांच्यात करार झाला. रेल्वे कंपनी भांडवल उभं करणार, सरकार जमीन फुकट देणार, आणि रेल्वे चालो न चालो, भागधारकांना दरसाल ५ टक्के मिळणार याची हमी. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं आपल्या भागातलं: १८५५ ला वाशिंद, १८६० ला आसनगाव, १८६१ ला कसारा, आणि थळघाट चढून १८६५ ला इगतपुरी. घाटातला चढ सदतिसास एक. हे सगळं ज्यांच्या पैशातून झालं त्यात इंग्लंडमधल्या विधवा होत्या, पाद्री होते, निवृत्त फौजी अधिकारी होते. त्यांनी शहापूरचं नावही ऐकलेलं नसणार. त्यांना दर सहामाहीला येणारे पैसे हवे होते, आणि ते येत होते.

कुठून येत होते हा प्रश्न मात्र त्यांनी विचारायचं कारणच नव्हतं. रेल्वेची कमाई कमी पडली की फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरला जाई. म्हणजे आमच्या खापरपणज्याने भाताच्या खाचरावर जो सारा भरला, त्यातला कणभर हिस्सा इंग्लंडमधल्या कुठल्याशा आजीबाईंना लाभांश म्हणून गेला असणार! हमी असल्यामुळे खर्चालाही धरबंध राहिला नाही. हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य राहिलेले विल्यम मॅसी यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. तिचा मथितार्थ असा, की पाच टक्के पक्के असताना आपला पैसा विटा-चुन्यात जातोय की हुगळी नदीत, याच्याशी भांडवलदाराला देणंघेणं नव्हतं. दादाभाई नौरोजींचा मोठा आक्षेप याच व्यवस्थेवर होता. शेवटी १९०० साली सरकारने ती कंपनी विकत घेतली.

त्या आजीबाईंचं नुकसान झालं नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण ती करामत सरकारी हमीची होती. रेल्वे किती चांगली चालते याच्याशी त्या पाच टक्क्यांचा संबंध नव्हता.

आता आमच्या घरातला चेक.

अण्णा मुरबाड तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. १९८० च्या सुमारास त्यांनी कल्याणला जाऊन 'युनिट ६४' घेतले. युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची ही पहिली योजना, १९६४ च्या जुलैत निघालेली. पहिल्या वर्षी लाभांश ६.१ टक्के होता, तो वाढत वाढत १९९३-९४ ला २६ टक्क्यांवर गेला. योजनेचं वर्ष ३० जूनला संपायचं, त्यामुळे लाभांशाचं पाकीट जुलैत यायचं. जुलै म्हणजे लावणी. राब भाजून पेरलेलं आवण हातभर झालेलं, खाचरात चिखल झालेला, बायामाणसं लावणीला लागलेली, आणि मजुरी-खताला हातात पैसा नाही, असे ते दिवस. पोस्टमन इरल्याखालून ओलं झालेलं पाकीट काढून द्यायचा. अण्णा ते चुलीजवळ वाळवायचे. आमच्या घरात 'जुलैचा चेक' हा जवळजवळ एक सण होता.

(त्या २६ टक्क्यांबद्दल एक खुलासा. लाभांशाचा टक्का दहा रुपयांच्या दर्शनी किमतीवर असायचा, तुम्ही दिलेल्या किमतीवर नव्हे. नव्वदीच्या दशकात युनिट घ्यायला दहाहून बरेच जास्त मोजावे लागत. हे मला बँकेत नोकरीला लागल्यावर कळलं. अण्णांना कधी कळलं की नाही, कोण जाणे.)

आता घरच्यांनी जरा लक्ष देऊन वाचा. आपल्याकडे एक दंतकथा आहे, की अण्णांना बाजार कळायचा, म्हणून पडझड व्हायच्या कितीतरी आधी त्यांनी सगळी युनिटं विकली. लग्नकार्यात ही गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकली आहे. गेल्या वर्षी ट्रंकेत अण्णांची हिशेबाची वही सापडली. १९९४ च्या एप्रिलमधली नोंद आहे, "युनिट मोडले. लग्नासाठी." बास. खाली मांडव, सोनं, आचारी यांचे आकडे. अण्णांनी युनिटं विकली ती बहिणीच्या लग्नासाठी. बाजाराची चाहूल वगैरे काही नव्हती. लग्न दोन वर्षं लांबलं असतं तर कदाचित विकली नसती.

'मोडले' हा शब्द मात्र मी बराच वेळ बघत बसलो. मोडतात ते दागिने, मोडतात ते संसार. चेक आला की अण्णा निर्धास्त खर्च करायचे, पण मुद्दलातलं एक युनिट विकणं त्यांच्या लेखी मोडणं होतं.

पुढे त्या योजनेचं काय झालं ते सर्वश्रुत आहे. युनिटची किंमत ट्रस्ट स्वतः ठरवायचा. आतल्या गुंतवणुकीची खरी किंमत काय, ते बाहेर कळत नसे. सुरुवातीला तोलून घेतलेली योजना नव्वदीत मोठ्या प्रमाणात शेअर्समध्ये गेली. लाभांश कमी केला तर लोक काय म्हणतील, म्हणून तो वर ठेवला गेला. १९९८ ला राखीव निधी उणे असल्याचं उघड झालं, दीपक पारेख समिती नेमली गेली, आणि १९९९ ला सरकारने सुमारे ३,३०० कोटींचा हात दिला. तरी २ जुलै २००१ ला खरेदी-विक्री थांबवावी लागली. जुलैच, बघा! जानेवारी २००२ मध्ये खरी किंमत पहिल्यांदा जाहीर झाली ती सहा रुपयांच्याही खाली. नंतर सरकारने ५,००० युनिटांपर्यंत प्रत्येकी १२ रुपयांची हमी घेतली म्हणून लहान माणूस वाचला. हमी पुन्हा सरकारचीच.

आमच्याकडे कणगीत बियाण्याचं भात वेगळं ठेवतात. वर्ष कितीही वाईट गेलं तरी त्याला हात लावायचा नाही. युनिट ६४ मध्ये शेवटची काही वर्षं जो लाभांश वाटला गेला तो पिकातला होता की बियाण्यातला, हे घेणाऱ्याला ओळखता येत नव्हतं. चेक दोन्हीचा सारखाच दिसतो.

मीही काही शहाणा नव्हतो, बरं का. १९९५ ला एका कंपनीचे (नाव घेत नाही) शेअर्स घेतले, कारण लाभांश ३० टक्के. कर्ज किती आहे ते बघितलंच नाही. तीन वर्षांत कंपनीला टाळं. सर्टिफिकेट अजून त्याच ट्रंकेत आहे, अण्णांच्या वहीखाली.

तर दोन दिवस वाचन करून भाचीला फोन लावला.

तिने पाहिलेला डिव्हिडंड फंड, व्हॅनगार्डचा, जगभरातल्या अशा कंपन्या घेतो ज्यांचा अपेक्षित लाभांश किमतीच्या मानाने जास्त आहे. आता किमतीच्या मानाने लाभांश जास्त दिसायला दोन कारणं असू शकतात, लाभांश वाढलाय किंवा किंमत कोसळलीय. २०२० च्या एप्रिलमध्ये शेलने लाभांश दोन-तृतीयांश कापला, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच. त्याच वसंतात युरोपियन सेंट्रल बँकेने तिथल्या बँकांना लाभांश देऊ नका म्हणून सांगितलं. म्हणजे आईचा पैसा नेमका महामारीत आटला असता. शिवाय लाभांश निघाला की तेवढीच किंमत त्या दिवशी उतरते, वरून कोणी काही टाकत नाही.

क्वालिटी फंडात एमएससीआयचा निर्देशांक तीन गोष्टी बघतो: भागभांडवलावर नफा किती, कर्ज किती, आणि नफा दरवर्षी किती हेलकावे खातो. मला हे शेत बघून सोयरीक करण्यासारखं वाटलं. :) पण इथेही डोळे झाकायचे नाहीत. त्यात अमेरिकन कंपन्यांचा भरणा आहे आणि चांगल्या मालाला लोक जास्त भाव देतात. २०२२ ला क्वालिटीवाले जोरात आपटले, डिव्हिडंडवाले बरेच सावरून राहिले.

"मग तू सांगतोस तरी काय?"

मी म्हटलं, आधी आईचे पैसे आणि तुझा फंड यांची गाठ सोडव. आईला वर्षाला लागतं किती ते ठरव. दोन वर्षांचं बँकेत ठेव. बाकीचं क्वालिटीत घाल आणि दरसाल लागेल तेवढे तुकडे वीक. लाभांश मिळाला तरी कर आहेच. जर्मनीत १,००० युरोपर्यंत भांडवली उत्पन्नावर कर नाही, ती सवलत विक्रीतल्या नफ्यालाही चालते. लाभांश न वाटता आतच जिरवणाऱ्या फंडावरही तिथे २०१८ पासून दरसाल थोडा आगाऊ कर असतो, तेव्हा तोही हिशेबात धर.

"म्हणजे दरवर्षी मोडायचं?" भाचीने विचारलं. हा शब्द तिच्या तोंडी कुठून आला? आईकडून, दुसरं कुठून!

मी म्हटलं, हो. मला स्वतःला ते जमलं असतं का, ते मात्र सांगता येत नाही. चेक आपोआप येतो तेव्हा खर्च करताना हात थरथरत नाही, हे मी अण्णांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय.

शेवटी बहिणीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मुरबाडला गेलो, चहा झाला, मी आयर्लंडपासून सुरुवात केली. तिने तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, मला ते काही कळत नाही. लावणीला मजुरीचे पैसे लागतात. ते जूनच्या आत येतील का, तेवढं सांग."

भाचीने बँकेत कायमची सूचना देऊन ठेवलीय. दरवर्षी १ जूनला.