दोष की शैली?

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला. भिंग फिरवताना प्रतिमा सुंदर दिसली की त्या तेथेच थांबत. ती रेखीव होण्याची वाट पाहत नसत. छायाचित्रविषयक नियतकालिकांनी या धूसरतेला तंत्राचे अज्ञान ठरविले. विसाव्या शतकारंभी मात्र बॉस्टनच्या पिंकहॅम अँड स्मिथ यांनी मृदुप्रतिमेची खास भिंगे घडविली. त्यांत गोलीय विपथन मुद्दाम राखलेले असे: कडेचे व मध्याचे किरण एका प्रतलात मिळत नाहीत, म्हणून रेषेभोवती प्रभा पसरते, छिद्र लहान केले की ती ओसरते. जाणत्या छायाचित्रकारांनी ती आवडीने निवडली. कॅमेरॉनबाईंची निवडही अशीच जाणीवपूर्वक होती. टीकाकारांना तीत केवळ चूक दिसली.