पोलीस पाटील
गावातील गुन्हे व अशांततेची खबर ठाण्याला देणारा शासननियुक्त गावकामगार. वंशपरंपरेची पाटीलकी गेल्यावर महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 ने हे पद नेमणुकीचे केले. उदाहरणार्थ, तेलंगणा सीमेवरील, सागवानी जंगलाच्या किनवट तालुक्यात (पहा : पैनगंगा) गोंड, कोलाम, आंध वस्त्या विखुरलेल्या आहेत. तिथे बेवारस प्रेत सापडले किंवा बांधाच्या वादात कुऱ्हाड उगारली गेली, तर पहिली खबर बहुधा पाटलाकडूनच जाते. म्हणून सामाजिक नियंत्रण इथे शिक्षेच्या धाकापेक्षा ओळखीवर अधिक चालते. ओळखीतून पक्षपात होतो, हा आक्षेप रास्तच. मात्र गंभीर गुन्ह्याचा निवाडा न्यायालयातच होतो आणि कसूर करणाऱ्या पाटलाला पदावरून काढता येते. तंटामुक्त गाव मोहिमेनेही (2007) गावपातळीवरील तडजोडीवरच भर दिला. वनगुन्हे मात्र मुख्यतः वनखात्याकडे (पहा : वनहक्क अधिनियम, 2006).