दीड रुपयाची खोली

फोन बंद करा, सप्टेंबर १९१७ मध्ये त्याचा काही उपयोग नाही. तुम्ही बडोद्याच्या पारशी पथिकाश्रमाचा जिना चढताय. वर एक लहानशी खोली, तिला लागून न्हाणीघर. उरलेला मजला म्हणजे एकच दिवाणखाना, मोडक्या खुर्च्या आणि बाकांनी भरलेला. वीज नाही. संध्याकाळी व्यवस्थापक कंदील आणून ठेवतो, तेवढाच उजेड. अंधारात वटवाघळं फडफडतात.

पाहुणा एकटाच. सव्वीस वर्षांचा, कोलंबियात शिकून आलेला. हे भीमराव आंबेडकर. बाबासाहेब व्हायला अजून अवकाश आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकले आणि करार पाळायला संस्थानच्या नोकरीत आले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी चालू आहे. अस्पृश्य म्हणून हिंदूंच्या हॉटेलात थारा नाही, म्हणून इथे. पारशांची खूण असलेली सदरा-कस्ती अंगावर नाही हे व्यवस्थापकाच्या लक्षात आलं होतं, पण त्यालाही गिऱ्हाईक हवंच होतं. वहीत एक पारशी नाव लागलं. रोजचा दीड रुपया, जेवणासकट.

ती वही नीट बघा. खोट्या नावाने राहणारा परका म्हणजे लबाडच, असं आपण चटकन म्हणून टाकतो. इथे खऱ्या नावाने खोली मिळाली असती, तर खोटं नाव घेतलं कुणी असतं?

अकराव्या दिवसाची सकाळ. नाश्ता झालाय, कचेरीचे कपडे चढवलेत, लायब्ररीची पुस्तकं परत करायला हातात घेतलीत. जिन्यात पावलं वाजतात. बाजूला व्हा. डझनभर धिप्पाड पारशी वर येतात, प्रत्येकाच्या हातात काठी. तू कोण, पारशी नाव घ्यायची हिंमत कशी झाली, पथिकाश्रम बाटवलास! भीमराव आठ दिवसांची मुदत मागतात. मिळत नाही. संध्याकाळपर्यंत चालतं व्हायचं.

सरकारी बंगल्यासाठीचा त्यांचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोच आहे. महाराजांची मर्जी इथे कारकुनाच्या टेबलापुढे सरकत नाही.

आता त्यांच्या मागोमाग चला. हिंदू मित्र म्हणतो, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणतो, बायको उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. दोघेही अगदी सभ्यपणे बोलतात. मला काठीवाल्यांपेक्षा हे दोघे जास्त ओळखीचे वाटतात.

दुपारचे चार. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधला वेळ ते कामाठी बागेत काढतात. आजची सयाजीबाग ती हीच; तिथली एक जागा त्या दिवसाची आठवण म्हणून ‘संकल्पभूमी’ म्हणवली जाते. पुढे त्यांनी या आठवणी लिहिल्या, त्या लेखनाचं नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’.

आणि हे कुठल्या शहरात? नाशिककडच्या कवळाण्याहून १८७५ मध्ये आणलेला बारा वर्षांचा मुलगा जिथे सयाजीराव झाला, तिथे. केरळचे रवि वर्मा, बंगालचे अरविंद घोष आणि रमेशचंद्र दत्त इथेच येऊन गेले. ग्रंथालयं उभी करायला १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन आले. रावपुऱ्यातले, दांडिया बाजारातले आपण दक्षिणी, म्हणजे मराठी माणसं, तरी कोण? गायकवाडांच्या पाठोपाठ आलेलेच. बाहेरची माणसं आली म्हणून बडोदं बडोदं झालं. माझं म्हणणं एवढंच की, नुसतं येऊ देऊन भागत नाही, राहू द्यावं लागतं.

आता शंभर वर्षं पुढे. घटनेच्या कलम १९ ने देशभर कुठेही स्थायिक होण्याचा हक्क दिला. तरीही साबरकांठ्यातल्या एका गुन्ह्यात बिहारी कामगाराला अटक झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये गुजरातेतून हिंदीभाषक हजारोंनी पळाले. त्याची झळ बडोद्यालाही लागली. एकाच्या गुन्ह्याचा हिशेब सगळ्या परप्रांतीयांकडून!

आज बडोद्याच्या अलकापुरीतून चक्कर मारा. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पीआर. व्हिसा सल्लागारांच्या पाट्याच पाट्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने १०४ भारतीयांना लष्करी विमानातून बेड्या घालून परत धाडलं, त्यात ३३ जण गुजरातचे होते. तेव्हा आपल्याला राग आला, आणि तो रास्तच होता. कामाला माणसं हवीत, मग रीतसर यायची वाट रुंद करा, हे अमेरिकेला सांगायलाच हवं. पण सांगणाऱ्याने स्वतःचा फ्लॅट भाड्याने देताना आडनाव विचारलं, तर त्या बोलण्याला वजन कसलं?

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या कामगाराला रेशन आता दुसऱ्या राज्याच्या कार्डावर मिळतं. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन राज्यांत ही सोय ऑगस्ट २०१९ पासूनच सुरू झाली. भाड्याच्या घरासाठी असलं कार्ड नाही. ते सोसायटीच्या सभेत ठरतं. ‘आपल्याच लोकांना द्यायचं’ असा विषय निघाला, की विरोधात हात वर करा आणि तुमचा विरोध इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या.