कांदळवनांची उपग्रहीय पाहणी

खाडीकाठच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या वृक्ष-झुडुपांच्या समुदायास कांदळवन, खारफुटी किंवा कच्छ वनश्री म्हणतात. कृत्रिम उपग्रहांवरील संवेदकांनी टिपलेल्या प्रतिमांवरून या वनांचा विस्तार व आरोग्य अजमावले जाते. चिखल, श्वसनमुळांची दाटी आणि भरतीचे पाणी यांमुळे पायी मोजणी कष्टाची असल्याने हे साधन येथे विशेष मोलाचे ठरले. त्याच्या अर्धशतकाच्या इतिहासात वनाचे क्षेत्र मोजणे लवकर साध्य झाले. वनाचे आरोग्य जोखणे मात्र अद्यापि अवघड आहे.

तत्त्व : निरोगी पानांतील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते, तर पानांची अंतर्रचना निकट अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. पाने रोगट झाली किंवा झडली, की या दोन परावर्तनांतील तफावत घटते. या तफावतीस दोहोंच्या बेरजेने भागून वनस्पती-निर्देशांक काढतात. पाणी अवरक्त किरण शोषून घेत असल्याने एकाच विरळ कांदळवनाचा निर्देशांक भरतीच्या व ओहोटीच्या वेळी वेगवेगळा येतो. म्हणून दोन प्रतिमांची तुलना करताना भरतीची वेळ व ऋतू ध्यानात घ्यावे लागतात.

इतिहास : अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी अवकाशात गेला. त्याच्या बहुवर्णपटीय संवेदकाची विभेदनक्षमता सु. ८० मी. होती. १९८२ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-४ वरील नव्या संवेदकामुळे ती ३० मी. झाली. भारताचा आयआरएस-१ए हा सुदूर संवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी सोडण्यात आला.

भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेच्या १९८७ च्या पहिल्या अहवालात देशातील कांदळवनांचे क्षेत्र ४,०४६ चौ. किमी. व महाराष्ट्रातील १४० चौ. किमी. दिले होते. १९८९ च्या अहवालात महाराष्ट्राचा आकडा ११४ चौ. किमी. झाला. या घटीवरून दोन वर्षांत तेवढे वन नष्ट झाले, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे होय. पहिली पाहणी ८० मी. विभेदनाच्या प्रतिमांवरून १ : १०,००,००० या प्रमाणावर झाली होती व तीत ४०० हेक्टरांहून लहान वनखंड दाखविता येत नव्हता. दुसरीत ३० मी. विभेदन, १ : २,५०,००० हे प्रमाण व २५ हेक्टरांची मर्यादा होती. कोकणातील खाड्यांच्या काठची कांदळवने पुष्कळ ठिकाणी अरुंद पट्ट्यांच्या रूपात असल्याने मोजपट्टी बदलताच आकडाही बदलतो. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे क्षेत्र ३२४ चौ. किमी. व देशाचे ४,९९२ चौ. किमी. नोंदविले आहे. या वाढीत लागवड व नैसर्गिक पुनरुज्जीवन यांचा वाटा आहे. पण १९८७ च्या आकड्याशी तिची सरळ तुलना करता येत नाही.

लँडसॅटच्या जुन्या प्रतिमा २००८ पासून विनामूल्य मिळू लागल्या आणि जागतिक पाहणी सुकर झाली. चंद्र गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालच्या सुमाराच्या प्रतिमांवरून जगातील कांदळवनांचे क्षेत्र १,३७,७६० चौ. किमी. ठरविले (२०११).

नकाशा व कायदा : मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी महाराष्ट्रातील कांदळवनांच्या तोडीस व त्यांवर भराव टाकण्यास मनाई केली आणि उपग्रह-प्रतिमांच्या आधारे त्यांचे नकाशे करण्यास सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने हे संरक्षण कायम केले. राज्याच्या वन विभागात २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. अशा रीतीने प्रतिमेवरील सीमारेषेस कायदेशीर महत्त्व आले. रेषा चुकली, तर उभे वन संरक्षणाबाहेर राहू शकते.

आरोग्याची पाहणी : ऑस्ट्रेलियातील कार्पेंटेरिया आखाताच्या किनाऱ्यावर २०१५ च्या अखेरीस सु. १,००० किमी. लांबीच्या पट्ट्यातील सु. ७,४०० हेक्टर कांदळवन वाळले. प्रतिमांच्या संग्रहावरून या ऱ्हासाचा काळ व व्याप्ती निश्चित करता आली. एल निनोच्या काळात समुद्रपातळी तात्पुरती खालावणे, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. परंतु संग्रहातील खूण कोणी वेळेवर पाहिली, तरच ती इशारा ठरते.

कोकणात पावसाळ्याचे चार महिने ढगांमुळे प्रकाशीय प्रतिमा फारशा मिळत नाहीत. ढग भेदणाऱ्या रडार तरंगांनी ही उणीव काही अंशी भरून निघते. भारत व अमेरिका यांचा निसार हा संयुक्त रडार-उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी सोडण्यात आला. रडारवरून वनाची रचना व जैववस्तुमान यांचा अंदाज येतो.

तथापि उपग्रहास मुख्यतः वरचे पर्णछत्र दिसते. भरावामुळे किंवा बांधामुळे भरतीचे पाणी अडल्यास मुळे गुदमरू लागतात. पर्णछत्रावर त्याचा परिणाम बऱ्याचदा उशिरा उमटतो. तिवराचे वन हिरवे दिसत असतानाच त्याचा श्वास कोंडलेला असू शकतो. म्हणून पाण्याचे अभिसरण, क्षारता व रोपांचे पुनरुज्जीवन यांची प्रत्यक्ष जागेवर नोंद घेऊन तिच्याशी प्रतिमा ताडून पाहणे आवश्यक ठरते. उपग्रह कोठे पाहावे हे सुचवितो. तेथे काय घडले, याचा निर्णय चिखलात उतरूनच करावा लागतो.